मोकळ्या हातांचं टेबल

डहाणूत फुग्यांचे कारखाने बरेच आहेत. मी होते तो चिकूच्या वाडीला लागून होता, लांबट, पत्र्याचा. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे लागले. तलासरीच्या बाजूला आमचा पाडा, तिथे भावाकडे राहायचे. सकाळी जीप भरून निघायची. विवळवेढ्याला देवीच्या कमानीसमोर सगळ्या बायका बसल्या जागी नमस्कार करायच्या. मीही करायचे. मागायचं काही सुचत नसे.

त्या दिवसांत मला काहीच लागत नव्हतं. चुलीजवळ पोळलं तरी फोड बघितल्यावर कळायचं. वहिनी ताट पुढे ठेवायची तेव्हा जेवायचे.

कारखान्याच्या दोन बाजू होत्या. ओल्या बाजूला साचे रबराच्या दुधात बुडवायचे, वाळवायचे, फुगे सोलून काढायचे आणि धुवायचे. तिथला वास डोळ्यांत जायचा. कोरड्या बाजूला फुगे तपासून पाकिटात भरायचे. तिथे पंखा नसे, पंखा लावला की माल उडायचा. मी आधी ओल्या बाजूला होते.

मग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने आमचा माल घ्यायचं ठरवलं. वाढदिवसाचं सामान विकणारी कंपनी, जागोजागी दुकानं. त्यांनी आधी कितीतरी कारखान्यांचे फुगे नेऊन बघितले म्हणे, फुगवून, ताणून, उन्हात ठेवून. त्यातून दोनच ठेवले, एक आमचा आणि एक गुजरातचा. एकाने दगा दिला तर दुसरा हाताशी असावा म्हणून. कंपनीची एक मॅडम यायला लागली. माझ्यापेक्षा लहान होती, मराठी बोलायची. तिने कोरड्या बाजूच्या दारात पिवळा पट्टा मारून घेतला. पट्ट्याच्या आत डोक्याला टोपी हवी, आणि अंगावर काच नको, धातू नको. ती स्वतःही घड्याळ आणि अंगठी काढून दाराजवळच्या ताटलीत ठेवायची.

काच नको म्हणजे बांगड्या नकोत. हे कोण ऐकणार? एक बाई म्हणाली, "मॅडम, नवरा धडधाकट आहे माझा. सकाळीच भांडून आले."

सुपरवायझर गुजराती होता, त्याला आम्ही भाई म्हणायचो. त्याने मधला मार्ग काढला. बांगड्यांवर कापडाची पट्टी गुंडाळायची. "एवढं करा, बेन. मग कोण बघतंय?"

काही महिने चाललं. मग एकीची बांगडी पट्टीच्या आतच वाढली. आमच्याकडे वाढलेल्या बांगडीचे तुकडे कचऱ्यात टाकत नाहीत. तिने ते गोळा करून कमरेला खोचले, घरी तुळशीत ठेवायला. उठता-बसता त्यातला एक सुटला आणि पाकिटात गेला. तो सापडला कंपनीच्या गोदामात. सगळा माल परत आला.

मॅडमने आम्हाला उभं केलं. ओरडली नाही. म्हणाली, "लहान मुलं फुगा तोंडात धरतात. पुन्हा काच निघाली तर सगळी ऑर्डर गुजरातला जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी भाई कोरड्या बाजूच्या दारात उभा राहिला, दोन्ही बाजूंच्या बायकांना रांगेत घेऊन. "हात बताव, बेन." एकेक बाई हात पुढे करायची आणि ओल्या बाजूला वळायची. माझे हात बघून त्याने नजर खाली घेतली. म्हणाला, "तू आत जा." अशा आम्ही तिघी निघालो, दोन विधवा आणि एक लग्न व्हायची मुलगी. पुढे भाईने पाड्यापाड्यांवर निरोप पाठवून आणखी तशाच बायका आणल्या. ओल्या बाजूच्या बायका आमच्या टेबलाला मोकळ्या हातांचं टेबल म्हणायच्या.

मी टेबलाच्या शेवटाला बसायचे. माझ्यानंतर पाकीट बंद व्हायचं. फुगा उचलायचा, मानेशी धरून ट्यूबलाइटसमोर ताणायचा. भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. रबर कुठे पातळ असेल तर तिथे रंग फिका पडतो. तोंडाची कड नीट वळलेली हवी. खराब असेल तो लाल टोपलीत. बोलायचं नाही, बोललं की नजर सुटते. मला लहानपणापासून चारचौघांत बोलता येत नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हा याच गोष्टीचं बरं वाटलं होतं. इथे गप्प का म्हणून कोणी विचारत नव्हतं. मला तिथे आनंद व्हायचा असं नाही. दिवस सरायचा.

दोनेक वर्षांनी दादाने स्थळ आणलं. झाईकडचा माणूस, बायको वारलेली, वाडीत कामाला. आमच्यात विधवेचा पाट लावतात, कोणाला वावगं वाटत नाही. तो आपल्या आत्याला घेऊन आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला. मला म्हणाला, "तिथे काय काम असतं?"

"फुगे बघते."

"बघून?"

"भोक असलं तर टाकते."

"मग माझं काही खरं नाही," तो म्हणाला. दादा हसला. मलाही हसू यायला हवं होतं.

आत्या म्हणाली, "कामाला जाऊ दे की, आमची ना नाही. पण हात भरलेले पाहिजेत. आमच्या घरात भरलेली बांगडी कोणी काढत नाही."

"ते तर आलंच," दादा म्हणाला.

भाईला सांगितलं तर तो खूश झाला. "चांगलं झालं, बेन. ओल्या बाजूला घेतो तुला. पगार तोच." मॅडम आली तेव्हा मी पहिल्यांदाच तिच्याशी आपणहून बोलले. विचारलं, मनगटापर्यंत बाह्या घातल्या तर चालेल का. तिने खरंच विचार केला. मग म्हणाली, "बाहीतसुद्धा फुटतेच ना, ताई. तुम्हाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल. टेबलाची काळजी करू नका, तुमच्या जागी दुसरी तयार करू."

जीपमध्ये ही गोष्ट पसरली. एकजण म्हणाली, "नवरा का टेबल, एवढा काय विचार करतेस बाय?"

दुसरी म्हणाली, "टेबलाला आत्या नसते गं."

सगळी जीप हसली. मी विचार करत नव्हते. डोक्यात काही यायचंच नाही. माणूस वाईट नव्हता. ओली बाजूही वाईट नव्हती, मी तिथूनच आले होते. नको म्हणायला दादासमोर ठेवण्यासारखं एकही कारण माझ्यापाशी नव्हतं.

रविवारी पाट होता. गुरुवारी बांगड्या भरायला कासारीण घरी बोलावली होती, आत्या दुपारी येणार होती. वहिनीने अंगण सारवून ठेवलं. सकाळी मी आंघोळ केली, डबा भरला आणि जीपला जाऊन उभी राहिले. ठरवून नाही. जीप चारोटीला वळली तेव्हा लक्षात आलं की आज घरी राहायचं होतं. उतरता आलं असतं. नाक्यावर परतीच्या जीपा उभ्याच असतात. मी बसून राहिले. दिवसभर माल बघितला. निळा होता.

संध्याकाळी घरी आले तर वहिनीच्या दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या. "कासारणीला तसंच कसं पाठवायचं? मग मीच भरल्या," ती म्हणाली. आत्या दुपारभर वाट बघून गेली होती. जाताना बोलली होती की जिला हात पुढे करायला वेळ नाही तिला नेऊन आम्ही काय करायचं.

दादा ओट्यावर बसला होता. "नको होतं तर तोंडाने सांगायचं."

"नको होतं हे मलाच माहीत नव्हतं."

"आणि आता?"

"आता माहीत आहे."

रविवारी मी आणि वहिनी शेतावर वालाच्या शेंगा तोडत होतो. दादा एकटाच झाईला गेला होता, पाट मोडला म्हणून त्या लोकांची समजूत काढायला.