सासूबाईंची मूठ

अख्ख्या कळवण तालुक्यात म्हातारं व्हायला साफ नकार दिलेली एकच बाई होती, आणि माझं नशीब असं की ती नेमकी माझी सासू निघाली. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. पण दिवसा अंथरुणाला पाठ लावायची नाही, खुर्चीत बसायचं नाही आणि बाजरीच्या भाकरीखेरीज कशाला जेवण म्हणायचं नाही. मी नाशिकला अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर; चाळिशीतच माझी कंबर धरलेली. त्यावरून सासूबाई गावभर सांगायच्या, की जावई स्वभावाने चांगला, पण माल जुना आहे. एकदा जरा आराम मिळावा म्हणून आम्ही त्यांना नाशिकला आणलं, तर चौथ्या दिवशी त्या आरामानेच त्यांना ताप भरला. डॉक्टरने आणखी विश्रांती सांगितली. सासूबाईंनी पिशवी उचलून सरळ एसटी स्टँड गाठला.

खरा तोरा मात्र पेरणीत. मेहुणा बैल हाकणार आणि तिफणीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या वाटीत, बी सोडणारी मूठ सासूबाईंची. भाऊबंद मानाने बोलवायला यायचे, आणि या बाई नव्या नवरीसारखे आढेवेढे घेऊन मग सगळ्यांच्या पुढे चालू लागायच्या. मूठ चालते तोवर औषध कशाला, असं मला ऐकवायच्या.

एका वर्षी बाजरी उगवली ती टक्कल पडल्यासारखी, जागोजागी मोकळी. आई खचेल या धास्तीने मेहुण्याने मला हाताशी धरलं. सासूबाई बाजाराला गेल्याचं बघून आम्ही त्या नांग्या, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जागा, नवीन बी टोकून भरल्या. मागाहून टोकलेलं रोप चार बोटं मागे राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. मेहुण्याला ठाऊक होतं, पण त्याने देवावर हवाला ठेवला.

पंधरा दिवसांनी सासूबाई माझ्यासोबत शेतात आल्या आणि थबकल्या. आता माझा उद्धार होणार, म्हणून मी मान खाली घातली. त्या उकिडव्या बसल्या, एका खुज्या रोपाला बोट लावलं.

"नांग्या तुम्ही भरल्या ना, पाव्हणं? दोन वर्सं झाली, हाताला मुंग्या येत्यात. बी सुटलं का नाय, कळतच नाय." मग हळूच म्हणाल्या, "गावात बोलू नका."

पुढच्या पेरणीला त्यांनी आपण होऊन सुनेला चाड्यावर उभं केलं. कुणी विचारलंच तर, सुनेला शिकवताहेत, असं मी ठोकून द्यायचो. सून बी सोडत होती, छान सोडत होती. सासूबाई तिच्या मागून अनवाणी चालत होत्या, आणि त्यांची रिकामी मूठ सुनेच्या हाताबरोबर उघडत होती, मिटत होती.