पातळ भज्जी

लातूर हे डाळीचं गाव. मोंढ्यात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि त्याच गावात माझी बायको दोन वर्षांपासून वरणात डाळ कमी अन् पाणी जास्त घालते. मी शाळेत मास्तर. पगार वेळेवर होतो, म्हणून तक्रार करायला तोंड नाही, तरी मी करतोच. तेलाचा डबा घ्यायचं आम्ही सोडलं, आता पुडा आणतो. शेंगदाण्याच्या चटणीत फुटाण्याचं डाळं मिसळलेलं मला पहिल्या घासाला कळतं, पण घरात मी गप्प असतो. दुकानात मात्र बोलतो. आमचा किराणावाला मला बघितलं की भाव सांगण्याआधीच हात जोडतो.

आमच्या माडीवर शिकवणीसाठी आलेल्या तीन मुली राहतात, दोघी जळकोटकडच्या, एक नांदेडची. त्यांच्या मेसवाल्या काकूंनी रविवारचं गोड बंद केलं, तेव्हा त्या मुलींपेक्षा मलाच जास्त वाईट वाटलं. महागाईवर बोलायला मला कुठलंही निमित्त पुरतं. या सवयीपायीच मी एक मोठी चूक करून बसलो.

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जातं. बाजार बंद, मेस बंद, रस्ते मोकळे. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग जेवायला बसायचं. अंबील, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि मुख्य म्हणजे भज्जी. शेतातल्या हिरव्या शेंगा, पालेभाज्या, शेंगदाणे, सगळं बेसनात घोटून केलेली. ती उंड्यावर घेतली तर जागची हलता कामा नये. येळवशीला जाणारा हात हलवत जातो आणि डबे भरून परततो. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात.

आमचं शेत रेणापूरजवळ. ते दादा, म्हणजे माझे मोठे भाऊ, करतात. येळवस वहिनी करतात. शिरूर अनंतपाळहून आमची बहीण अक्का आणि तिच्या घरचे, नांदेडहून चुलतभावाचं कुटुंब, आम्ही, शिवाय प्रत्येकाने आपापले आणलेले सोयरे. तीस-चाळीस पानं सहज होतात.

पूर्वी एवढ्या लोकांना जेवू घालायला बाजारात जावं लागत नसे. भुईमूग, वाल, तीळ, हरभरा, सगळं थोडंथोडं रानातच असायचं. आता रानात एक सोयाबीन, नाहीतर ऊस. भज्जीचं निम्मं सामान वहिनी माझ्यासारखंच किराणा दुकानातून आणतात, त्याच भावाने.

गेल्या येळवशीला भज्जी जरा सैल झाली होती. मी द्रोण तोंडाला लावून म्हणालो की यंदाची भज्जी प्यावी लागतेय. सगळे हसले, वहिनीही हसल्या. मी ते तिथंच विसरून गेलो. माझा स्वभावच तसा, जिभेला हाड नाही.

पुढे दिवाळीला आम्ही रेणापूरला गेलो. फराळाच्या ताटात करंज्या आमच्यापुरत्याच होत्या. वहिनी स्वतः कोरा चहा पीत होत्या, दूध आता सोसत नाही म्हणाल्या. स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडलेलं होतं, म्हणजे तेल थेंबाथेंबानेच पडावं. परत येताना मी बायकोला म्हणालो, या बाईला आपण चाळीस माणसं दरवर्षी लुटतो.

मग मी शहाणपणा केला. येळवस आठ दिवसांवर आली तेव्हा अक्काला फोन लावला, नांदेडला लावला. यंदा काहीतरी कारण सांगून टाळा, वहिनींचा खर्च वाचेल, असं समजावलं. त्यांनाही पटलं. अक्काने गुडघ्याचं कारण काढलं. नांदेडकरांनी पोरांच्या परीक्षेचं काढलं. मी शाळेची ऑनलाइन माहिती भरायची आहे असं सांगितलं. दादा फक्त बरं म्हणाले. कमी माणसं म्हणजे कमी स्वयंपाक, असा माझा हिशेब. मला फार बरं वाटलं होतं, उगीच कशाला नाकारू.

येळवशीच्या दिवशी गल्लीत मी, बायको आणि माडीवरच्या मुली एवढेच उरलो. मेस बंद म्हणून मुली बिस्किटं खात बसल्या होत्या. साडेअकराला दादांचा फोन आला. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"तुझी वहिनी सकाळपासून रस्त्याकडं बघायलीय. एवढं करून ठेवलंय, अन् खायाला आम्ही दोघंच. तासाभरासाठी तरी ये की."

एवढं म्हणजे किती, मी विचारलं. नेहमीएवढंच, ते म्हणाले. कारणं सांगितली तरी येळवशीला माणसं येतातच, या भरवशावर वहिनींनी चाळीस जणांचं रांधलं होतं.

मी शर्ट चढवला, बायकोने साडी बदलली. जिन्यात मुलींना हाक मारली आणि जेवायला चला म्हणालो. त्या आधी लाजल्या, मग बिस्किटाचा पुडा तसाच टाकून निघाल्या. पाच जण एका रिक्षात दाटीवाटीने रेणापूर गाठलं. वाटेत दोन्ही अंगांच्या रानांत माणसंच माणसं होती. आमच्या शेतात कोपीपुढे दोन जाजमं अंथरलेली होती आणि त्यांवर कुणी नव्हतं. ते बघून मला माझीच लाज वाटली.

वहिनींनी काही विचारलं नाही. अनोळखी मुली बघून त्यांचा चेहरा खुलला. द्रोण मांडले, वाढायला लागल्या. भज्जी अशी घट्ट की पळी तिच्यात उभी राहिली. शेंगदाणे तर इतके की प्रत्येक घासाला दाताखाली यावेत. मुली जेवल्या, पुन्हा जेवल्या. नांदेडच्या मुलीला घरची आठवण आली असावी. वहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून वाढत होत्या.

एवढे दाणे कुठून आणले, मी दादांना हळूच विचारलं. त्यांनी विहिरीकडे बोट केलं. पावसाळ्यात सोयाबीन पेरताना वहिनींनी हट्टाने तिथं चार ओळी भुईमुगाच्या पेरून घेतल्या होत्या. शेंगा काढून, वाळवून त्यांनी मडक्यात ठेवल्या होत्या. दिवाळीच्या चिवड्यालासुद्धा त्यातला दाणा दिला नाही, दादा म्हणाले.

जेवणं झाली. बायको मुलींना शेत दाखवायला घेऊन गेली. वहिनी आमचे डबे भरत बसल्या. भरता भरता, माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं.

"भावजी, गेल्या साली भज्जी पातळ झाली हुती. दाणे लई महाग हुते, म्हून हात आखडला. तुम्ही म्हनला बी हुता, प्यावी लागती म्हून. त्याच्यामुळंच कुनी आलं न्हाई, व्हय?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्षभर ही बाई माझी एक थट्टा उशाला घेऊन झोपली होती. मी सगळं सांगून टाकलं. दिवाळीतला कोरा चहा, झाकणाचं भोक, माझे फोन, अक्काचा गुडघा. शब्द जुळत नव्हते, एरवी पोरांना निबंध शिकवणारा मी.

वहिनींनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि बाजूला ठेवलं.

"माझा खर्च वाचवला म्हनता. पन मी काटकसर कशापायी करतीया, हे एकदा इचारायचं हुतं की."

त्यांना राग आला होता आणि रडूही आलं होतं. पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, आता फोन लावा.

मी अक्काला लावला. तिने उचलताच विचारलं की वहिनी रागावली का. सकाळपासून घरात पिठलं केलंय आणि एकाच्याही घशाखाली उतरेना, असंही म्हणाली. शिरूरहून यायला तासभर लागला असता, ऊन अजून होतं. मी काही बोलायच्या आत वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला.

"अक्का, गुडघा दुखत असला तर गाडीवर बसून या," त्या म्हणाल्या. "भज्जी यंदा घट्ट झालीया."