गोड्या पाण्यातला शिंगाळा

धोंडुबाईचं उभं आयुष्य पेणच्या खाडीकडच्या मिठागरांत गेलं. सून वैशाली काविळीनं गेली, तेव्हा लेकाचं घर सांभाळायला ती वरसे गावात आली. त्याला आठ महिने झाले. अमोल धाटावच्या कंपनीत कामाला. घरी यायचा, जेवायचा आणि वैशालीनं हौसेनं आणलेल्या माशाच्या टाकीपुढे बसायचा. बोटभर, मिशावाला मासा. दिवसभर करवंटीखाली दडायचा, अंधार पडला की बाहेर निघायचा. अमोल त्याच्याशी हळू आवाजात बोलत राही. धोंडुबाई तोवर स्वयंपाकघरात अंथरुणावर पडलेली असे. तो आवाज ऐकता ऐकता तिचा डोळा लागे.

"लेक तुझा, न् बोलतो माशाशी," शेजारची चंद्रावती एकदा म्हणाली.

"बोलतो तर खरा. मासा हाय तवर घरात माणसाचा आवाज हाय गो."

त्या दिवशी अमोल सेकंड शिफ्टला गेला. रात्रीचा माणूस येणार नव्हता, म्हणून त्यालाच थांबवलं. माशाला खाणं घाल, एवढं त्यानं कॅन्टीनमधून फोनवर सांगितलं. दिवेलागणीला धोंडुबाई टाकीपाशी गेली. मासा वर आला होता. पोट वर, पाठ खाली. असे मासे तिनं खाडीत मरतानाच पाहिले होते.

तिनं फोन लावला. उचलला नाही.

मग तिनं निरखून पाहिलं. मिशा, बिनखवल्यांचं अंग. हा तर शिंगाळा. खाडीचा जीव नळाच्या गोड्या पाण्यात कोंडलाय, मिठावाचून तळमळतोय. गावाहून आणलेलं खडं मीठ तिनं दोन मुठी पाण्यात सोडलं, हातानं ढवळलं. "जग रं बाबा," म्हणाली आणि पाट घेऊन तिथंच बसली.

सकाळी अमोल आला.

"तुझा मासा आजारी व्हता," ती उठत म्हणाली. "आता बरा हाय. सरळ झाला बघ."

मासा तळाशी होता, पाठ वर करून. अमोलनं पाण्यात हात घातला. मासा हलला नाही.

"काय टाकलंस?"

"मीठ. दोन मुठी."

"आये, तो उलटाच पोहतो. जातच तशी हाय त्याची. मीठ त्याला सोसत नाय."

धोंडुबाई पाटावर परत बसली. "वरड तरी माझ्यावर."

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला आणि मगानं टाकी उपसू लागला.

संध्याकाळी वरणात मीठ घालायला तिचा हात धजेना. अमोलनं ते तसंच अळणी खाल्लं. मीठ मागितलं नाही. जेवून उठला आणि दिवा मालवून आडवा झाला.