निरीक्षक फेलेती यांची पात्रता

नाव: फेलेती. हुद्दा: देवमासा-निरीक्षक, वावाऊ बेटे, टोंगा. अनुभव: चाळीस वर्षे. विशेष पात्रता: पिल्लू असलेली मादी मैलभरावरून ओळखणे.

देवमासे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना नेणारी होडी त्याच्या भाच्याची. "मामा, पाहुण्यांपुढे भाल्याचं नाव काढलंत, तर उद्यापासून घरी तारोचे कंद सोलत बसा!" असं त्यानं आजही बजावलं होतं.

फेलेतीनं हात केला तिथेच पिल्लू वर आलं, पाठोपाठ आई. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

"आजोबा, होडी एवढी जवळ आली तरी ही पळत कशी नाही?" एका बाईनं विचारलं.

"आई आहे ती," फेलेती म्हणाला.

चाळीसपैकी पंचवीस वर्षं तो पहिला भाला पिल्लालाच मारत असे. मग आई जागची हलत नसे.