कडेची अट

ताईच्या संशोधनावर माझा पहिल्यापासून संशय. परळच्या आमच्या चाळीत पुनर्विकासाच्या नकाशातली एकेक रेघ भांडून तपासावी लागते, आणि ही बाई विश्वाचा आकार मोजणार, तोही न बघता. चाळकऱ्यांसाठी पत्रकं लिहून मला एक सवय लागली आहे: कागद हातात आला की आधी तळाची बारीक अक्षरं वाचायची.

ती सांगायची, ढोल न बघता नुसत्या आवाजावरून त्याचा आकार किती ओळखता येईल, तसं हे. फक्त इथे ढोल म्हणजे अवकाश-काळ स्वतःच. गुरुत्वाकर्षण अतिसूक्ष्म पातळीवर कसं वागतं, ते त्याच्या कंपनांतून काढायचं. मी म्हटलं, कडेला कातडं कसं बांधलंय यावर आवाज बदलतो, त्याचं काय? ती म्हणाली, कडेवरची मापं आम्ही पक्की धरतो.

"धरतो म्हणजे? कोणी ठरवलं?"

"सगळे तसंच धरतात गं."

सर्वेक्षणात आमची गॅलरी खोलीच्या बाहेर धरली, तेव्हा बिल्डरचा माणूस हेच म्हणाला होता. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती चिडली.

"तुझ्या नव्या पत्रकातली मापं गॅलरी धरून आहेत. ते कुठे लिहिलंयस?"

लिहिलं नव्हतं. मला वाटलं, विषय बदलतेय.

आठवडाभराने आईकडून कळलं. कडेवरची मापं पक्की धरायची ती अट घेतली की गुरुत्वाकर्षणाचं गणित कडेपाशीच मोडतं, हे ताईच्या लक्षात आलं होतं. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्याच अटीवर उभं. मार्गदर्शक म्हणाले, तळटीप टाक आणि पुढे जा. ती टाकणार, याची मला खात्री होती. हातातोंडाशी आलेली पदवी कोण सोडतं?

शनिवारी तिने प्रकरण माझ्यापुढे टाकलं. "शोध तुझी बारीक अक्षरं."

मी शेवटच्या पानापासून उलटं शोधत आले. तळटीप नव्हती. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की ही अट धरली तर पुढचं टिकत नाही, सगळं नव्याने करावं लागेल. पदवी वर्षभर तरी लांबली.

संध्याकाळी वाटायच्या पत्रकांचा गठ्ठा दाराशी होता. मी सुतळी सोडली आणि एकेका पत्रकावर मापांच्या वर पेनाने लिहू लागले: गॅलरी धरून. थोड्या वेळाने ताईने अर्धा गठ्ठा स्वतःकडे ओढला. तिचं अक्षर वाचता येतंय ना, ते मी मधूनमधून तपासत होते.