जनरेटरचं इंजिन आणि कडक ब्रेक

मी फौजेत व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो. गाव पेडगाव, जिल्हा परभणी. पारावर लोक विचारतात, शत्रूची किती माणसं मारली? मी सांगतो, एकही नाही, माझ्या हातात पाना असायचा. ते हसतात. पूर्वी मीही हसायचो.

नऊ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी डोंगरातल्या एका कंपनी पोस्टवर होतो. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज, ०७०० ला चहा, ०८०० ला गाडी स्टार्ट करून बघायची. गाडी म्हणजे एक जुनी पेट्रोल पिकअप. खालच्या दवाखान्यापर्यंत अकरा किलोमीटर उतार. आजारी माणूस न्यायचा तर तीच. हवा चांगली असली तर हेलिकॉप्टर, पण हिवाळ्यात हवा चांगली नसतेच.

पिकअपचा ड्रायव्हर नायक गौतम. ताडकळसचा. पोस्टवर परभणीचे आम्ही दोघेच. चारचौघांत तो मला हवालदारसाहेब म्हणायचा आणि गाडीखाली दोघंच असलो की दत्ताभाऊ. मराठी बोलायला मिळावं म्हणून तो काम नसतानाही माझ्याकडे येऊन बसायचा.

डिसेंबरात पिकअपचं इंजिन गेलं. रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खिंड बंद झालेली. नवीन इंजिन रस्ता उघडल्यावर येणार होतं.

कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी मला बोलावलं. लंगरमागे, म्हणजे स्वयंपाकघरामागे, एक कंडम जनरेटर पडून होता. त्याचा वीज करणारा भाग जळला होता, पण चार सिलिंडरचं डिझेल इंजिन ठणठणीत होतं.

"दत्ता, ये इंजन पिकअप में लगेगा?"

"लगेगा, सर."

उत्तर द्यायला मला क्षणही लागला नाही. खरं सांगायचं तर मी याच प्रश्नाची वाट बघत होतो.

आठ दिवस लागले. लोखंडी चॅनेल कापून माउंटिंग केलं. गिअरबॉक्सला जोडायची जाड प्लेट हातड्रिलनं भोकं पाडून तयार केली. बोटं बधिर व्हायची. गौतम पाणी गरम करून आणायचा, मी त्यात हात बुडवायचो आणि परत कामाला लागायचो. आठव्या दिवशी इंजिन धडधडत सुरू झालं. अख्खी पोस्ट टाळ्या वाजवत होती. लंगरात शिरा झाला. मेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी हवेत गेलो.

एक गोष्ट राहिली होती, आणि ती मला माहीत होती. पेट्रोल इंजिन हवा ओढतं. त्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो, म्हणून ड्रायव्हरला हलका पाय पुरतो. डिझेलला तशी ओढ नसते. गाडीसाठी बनवलेल्या डिझेल इंजिनाला म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप दिलेला असतो. जनरेटर आयुष्यभर एका जागी बसून असतो. त्याला ब्रेक कशाला? त्याच्या इंजिनावर पंप नव्हता. खालच्या वर्कशॉपमधून मागवायचा तर हमालांच्या पाठीवर यायला आणखी आठवडा लागला असता.

गौतमनं गाडी सपाटीवर रिकामी फिरवली आणि माझ्यापाशी आणून उभी केली.

"दत्ताभाऊ, ब्रेक लय कडक लागायलाय."

"लागतो ना?"

"लागतो. पण लय जोर लावावा लागायलाय."

"लाव मग जोर. शिरा खाल्लास ना? रस्ता उघडला की पंप बसवू."

तो हसला. "तुमी म्हणता तर लावतो."

संध्याकाळी मेजरसाहेबांनी विचारलं, "गाडी फिट?"

"फिट, सर."

जॉब कार्डावर मी ब्रेकपुढे 'ठीक' असं लिहिलं आणि सही केली. उतारावर, वजन घालून, गाडी तपासलीच नव्हती. ही चूक नवशिक्यानं केली असती तर मी त्याला पाठीवर वजनाचा पिट्ठू लावून मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या.

चौथ्या दिवशी एका शिपायाच्या पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स. ढग खाली आले होते, हेलिकॉप्टर मिळेना. १४१० ला पिकअप निघाली. गौतम चालवत होता. शेजारी नर्सिंग असिस्टंट रेडिओ घेऊन बसला होता आणि मागे ताडपत्रीखाली पेशंट. मी रेडिओपाशी उभा राहिलो. तिथं माझं काही काम नव्हतं.

१४२२. "तीसरा मोड पार. ओव्हर."

१४३१. "गियर निकल गया. फिर लग नहीं रहा. ओव्हर."

"ब्रेक मारो. ओव्हर."

"मार रहा है. गाडी रुक नहीं रही."

मग मागून गौतमचा आवाज आला. शांत होता. "पकड के बैठो. पहाड से लगाता हूँ."

उतारावर दरी डाव्या हाताला होती आणि डोंगर उजव्या. ड्रायव्हरची बाजू उजवी. त्यानं गाडी आपल्या बाजूनं कातळावर घातली.

आम्ही धावत खाली गेलो. १५२० ला पोचलो. नर्सिंग असिस्टंटचा हात मोडला होता. पेशंट कण्हत होता, म्हणजे जिवंत होता. पुढे त्याचं ऑपरेशन झालं आणि तो बरा झाला. गौतम गेला होता. दार कापून त्याला मीच बाहेर काढलं. त्याचे दोन्ही पाय ब्रेकच्या पॅडलवर होते.

चौकशी झाली. मला विचारलं, "ब्रेक तपासले होते?" मी म्हणालो, "होय, सर." पंपाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रस्त्यावर बर्फ होता, ते खरंच होतं. निष्कर्षात बर्फच आला.

एकाच जिल्ह्याचा म्हणून गौतमच्या शवपेटीसोबत मला पाठवलं. ताडकळसला गाव लोटलं होतं. त्रिसरण-पंचशील झालं, फायरिंग पार्टीनं सलामी दिली. मी घडी केलेला तिरंगा गौतमच्या बायकोच्या, शीलावहिनींच्या हातात दिला.

"कसं झालं, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"बर्फ होता, वहिनी."

त्यानंतर मी ताडकळसला गेलो नाही. बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यानं जायची वेळ आली तरी वाट वाकडी करून जायचो. भ्याडपणा होता तो.

रिटायर झाल्यावर मी पेडगावात गॅरेज टाकलं. मागच्या महिन्यात सकाळी एक जुनी पेट्रोल पिकअप दारात येऊन थांबली. चालवत होत्या शीलावहिनी. त्या आता हळद-मिरची दळून आठवडी बाजारात विकतात.

"लय पेट्रोल पितीया," त्या म्हणाल्या. "गिरणीच्या जनरेटरचं इंजिन भंगारात मिळायलाय. डिझेलचं. कागदपत्रांचं मी आरटीओत विचारून आले. तेवढं बसवून द्या, भाऊ. ते म्हणायचे, असलं काम तुमच्यासारखं कुणालाच जमत न्हाई."

नाही म्हणता येईना. हो म्हणालो.

या वेळी सगळ्यात आधी व्हॅक्यूम पंप आणला, मग इंजिनाला हात लावला. पोती भरून गाडी जिंतूरकडच्या उतारावर नेली आणि दहादा थांबवून बघितली. त्या गाडी न्यायला आल्या तेव्हा मी किल्ली दिली नाही. म्हणालो, "वहिनी, आधी बसा."

आणि सगळं सांगितलं. पंप, जॉब कार्ड, चौकशी, पॅडलवरचे दोन पाय. शेवटी म्हणालो, "बर्फाचं नाव पुढं केलं. गौतम माझ्यामुळं गेला."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं.

"आदल्या दिशी फोन आला होता त्यांचा," त्या म्हणाल्या. "म्हणले, ब्रेक लय कडक हाय, साहेबाला सांगू का? मी म्हणले, दत्ताभाऊनं बसवलंय न्हवं? त्यांचं नाव कशाला खराब करायलाव? गप चालवा."

पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "नऊ वर्षं झाली. मी बी कुणाला सांगितलं न्हाई."

मी रडलो. त्याही रडल्या.

मग त्या उठल्या, गाडीत बसल्या, इंजिन सुरू केलं आणि ब्रेकवर एक पाय ठेवून हळूच दाबला.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या.

"असाच पाहिजे, वहिनी."

गाडी निघाली. रस्त्याला लागण्याआधी मागचे लाल दिवे लागले आणि गाडी जागच्या जागी थांबली. समोरून एसटी गेली, मग गाडी वळली. मी हातातला पाना खाली ठेवला, सावधानमध्ये उभा राहिलो आणि नायक गौतमला सॅल्यूट केला. तो सॅल्यूट नऊ वर्षं करायचा राहिला होता. ताडकळसला पेटीपाशी माझा हात वर गेलाच नव्हता.