ताईच्या बाळाचे डोळे

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं कळतं, असं घरच्यांना वाटायचं. मला त्याचीच भीती वाटायची.

ताईच्या थोरल्या मुलीचा एक डोळा उजेडात पांढरा चमकायचा. तिची आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई, कौतुकानं सांगायच्या, "मांजरडोळी हाय माही नात. नशीबवान." नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग सांगितला, तोवर उशीर झाला होता. जीव वाचवायला डोळा काढावा लागला.

ताईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी वर्ध्याला एम.एस्सी. करत होते. एकदा वर्गात सर सांगत होते, पेशीतले काही आरएनए, म्हणजे जनुकांवरून उतरवलेल्या नकला, प्रथिनं बनवतच नाहीत. पूर्वी ते बिनकामाचे वाटायचे, पण ते दुसऱ्या जनुकांना आवर घालतात. तो आवर सुटला की पेशी बेसुमार वाढू शकतात. उदाहरण म्हणून त्यांनी डोळ्याचा कर्करोग सांगितला. माझा पेन थांबला.

रविवारी सेलूला ताईकडे गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"तू हेच शिकून राह्यली ना? मंग सांग, या पोटातल्यालेही तो रोग होईन का?"

"ताई, लोकं अजून शोधूनच राह्यले. मले नाई सांगता येत."

"एवढी शिकली, अन् एवढंच?" ती हसली, पण हात सुपातच राहिले.

एवढं मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं, जन्मल्याबरोबर बाळाचे डोळे तपासायचे.

मुलगा झाला. नागपूरला न्यायला निघालो, तर सासूबाई दारातच बसल्या. "सव्वा महिना लेकरू उंबरठ्याभाईर जात नाई. आमच्यात रीत नाई."

"मावशी, मागच्या खेपेले आपण चमक पाहत बसलो," मी म्हटलं आणि बोलून मीच घाबरले.

अंगणात नात खेळत होती. तिच्या काचेच्या डोळ्याकडे सासूबाईंनी पाहिलं. मग उठल्या आणि बाळाच्या टोपड्याची नाडी बांधली. "चाल. मीबी येतो."

नागपूरला अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांत थेंब टाकले, बॅटरीच्या उजेडात पाहिलं. ताईनं माझं मनगट इतकं आवळलं की बोटं बधिर झाली.

"आज काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पुढच्या महिन्यात आणा. नंतरही आणत राहा."

संध्याकाळी घरी बल्ब लागला. सासूबाईंनी बाळाला उजेडाखाली धरलं आणि वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग ताईनं पाहिलं. मग मीही.